सहीच्या आधी प्रश्न

1993 साली मी नागपुरात सातवीत होतो. माझ्याकडे सह्यांची वही होती आणि तिच्यात सगळे क्रिकेटपटू. त्या वर्षी सरांनी आम्हाला रामन विज्ञान केंद्र दाखवायला नेलं. केंद्र सुरू होऊन वर्षच झालं होतं. 1910च्या सुमारास सी. व्ही. रामन अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते, हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं. आपल्या वहीत एका तरी शास्त्रज्ञाची सही हवी, असं मनानं घेतलं.

सर म्हणाले, "जयंत नारळीकरांना लिही. पण नुसती सही मागू नकोस. सही मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर प्रश्न पाठवायला सांगतात. उत्तराखाली सही असते."

प्रश्न सुचायला आठवडा लागला. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. 7 जून जवळ आला की आजी आभाळाकडे बघत म्हणायची, "आता मृग लागंल." पण हिवाळ्यात इतकं ठळक दिसणारं मृग नक्षत्र तेव्हा आकाशात कुठेच नसायचं. जे लागतं, ते दिसत का नाही? हाच प्रश्न जोडकार्डावर लिहिला आणि पुण्याला नारळीकरांच्या 'आयुका' या संस्थेच्या पत्त्यावर पाठवला.

उत्तर आलं. चार-पाच ओळी, मराठीत, हातानं लिहिलेल्या. त्या दिवसांत सूर्यच मृग नक्षत्रात असतो. ते तारे त्याच्याबरोबर उगवतात, त्याच्याबरोबर मावळतात, म्हणून उजेडात दिसत नाहीत. खाली सही. मी ते आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे मृग खरंच लागते तर!" पंचांगातला मृग आणि आकाशातला मृग त्या दिवशी आमच्या घरात एक झाले.

पुढे कॉलेजात असताना मी एक चूक केली. कार्ड जपायचं म्हणून लॅमिनेट केलं आणि भिंतीवर लावलं. नागपूरचं ऊन त्या भिंतीवर थेट यायचं. काही वर्षांत कागद पिवळा पडला, शाई फिकी झाली. प्लॅस्टिक काढायला गेलो, तर कागदही सोबत निघू लागला. आज सही ओळखू येते, पण उत्तरातली एक ओळ कायमची गेली आहे.

त्यानंतर जमवलेली पत्रं मी आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, अंधाऱ्या कपाटात आडवी ठेवतो. चिकटपट्टी नाही, टाचणी नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कसर, वाळवी बघतो. प्रत्येक पत्राचा फोटो काढतो. पत्र कोणी, कधी, कशाच्या उत्तरात लिहिलं, ते वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं नोंदवतो. प्रश्न हरवला तर उत्तर अर्धंच उरतं.

20 मे 2025 रोजी नारळीकर गेले. मृग लागायला अडीच आठवडे होते. त्या संध्याकाळी मी ते कार्ड काढून मुलीच्या हातात दिलं. तिनं आधी सही नाही, उत्तर वाचलं आणि गेलेली ओळ कोणती, ते विचारलं. मला आठवत होती ती मी सांगितली, तिनं लिहून घेतली.

तुमच्याही घरी एखाद्या शास्त्रज्ञाचं असं कार्ड असेल, तर ते लॅमिनेट करू नका. आणि तुम्ही काय विचारलं होतं, ते आठवतंय तोवर आजच लिहून ठेवा.