बोळे आणि धपाटे

प्रेसशॉपमधल्या कामगारांना कारखाना कानांत घालायला बोळे देतो. चाकणला कामाला जाणाऱ्या एका पालकांनीच ते मला खिशातून काढून दाखवले. दोरीला बांधलेले, नारिंगी. आठ तासांच्या पाळीत आवाज ९० डेसिबलच्या वर जाऊ नये, असा कारखान्यांना नियमच आहे. हे गृहस्थ मुलाची तक्रार घेऊन आले होते.

"बाई, घंटा झाली की हा कान धरून बाकाखाली शिरतो म्हणे. चार धपाटे घालतो, नाहीतर आजीकडे गावी पाठवून देतो."

"अहो, तुम्हांला बोळे आणि त्याला धपाटे?" मी म्हटले. गृहस्थ हसले आणि एकदम गप्प झाले.

निगडीच्या आमच्या वर्गात मुले पंचावन्न, वर पत्रा, पंख्याची खरखर आणि खिडकीबाहेर रस्ता. शाळेभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, हे २००० सालच्या नियमांत छापलेले आहे. ट्रकवाल्यांनी ते वाचलेले दिसत नाही! या गोंगाटात एखादा खुशाल पाढे म्हणतो, एखाद्याच्या डोक्यात मात्र घण पडतात. काहींचे आणखी निराळे. हातपाय हलवल्याशिवाय त्यांचे लक्षच जागे राहत नाही. जीन एअर्स या अमेरिकन बाईंनी १९७२ साली यावर पुस्तक लिहिले. कान, त्वचा, शरीराचा तोल यांच्याकडून येणाऱ्या खबरी मेंदूला जुळवता आल्या नाहीत तर शिकणे अडते, असे त्यांचे म्हणणे. ते साऱ्याच तज्ज्ञांना पटलेले नाही. पण खिडकीशी उभे राहून बिनचूक गणित सोडवणारा आणि बसवले की चुकणारा मुलगा मी रोज पाहते.

त्या कान धरणाऱ्या मुलाला मी शिपाईमामांच्या हाताखाली दिले. घंटेचा टोल त्याच्याच हाती! आपण वाजवलेला आवाज आपल्याला तितका दचकवत नाही. पहिले दोन दिवस घंटा अगदी हळू झाली, शेजारच्या वर्गाला ऐकूच गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली. गावी पाठवण्याचा बेत बारगळला.

मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीत शांततेचा खेळ असतो. मुले आपणहून निःशब्द होतात आणि बाई कुजबुजत एकेकाचे नाव घेतात. पंचावन्न मुलांत तो दोन मिनिटे टिकतो, तेवढीही पुष्कळ.

पाय झाडणाऱ्यांसाठी बाकाच्या पुढच्या पायांना सायकलची जुनी ट्यूब बांधली. पाय ट्यूबशी झुंजतात, डोळे फळ्यावर राहतात. पालकसभेत एका आईने विचारले, "आमच्याच मुलाला का नाही?" म्हटले, आणा. दुसऱ्या दिवशी अकरा ट्यूबा आल्या. हेडमास्तर दारात थबकून म्हणाले, "बाई, पंक्चर काढायचे किती घेता?"