माशीने धरलेला मासा

स्कॉटलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ‘कुछ कुछ होता है’च्या टायटल साँगमधले किल्ले, बॅगपायपर आणि लॉख नेसचा तो कधीच न दिसणारा राक्षस. एडिंबरात ऑनसाइट आलेली आपली मंडळी पहिल्या सहा महिन्यांत हे सगळं उरकतात, फोटो टाकतात आणि मग वीकेंडला करायचं काय म्हणून आयकिया गाठतात. मीही तेच करत होतो. मग मला एक हटके नाद लागला. पिसं, रेशमी दोरा आणि नखाएवढा गळ घेऊन खोटी माशी बांधायची आणि तिच्यावर खरा मासा धरायचा!

मालवणच्या रूममेटने ऐकलं आणि तो फिस्कन हसला. “पिसां लावन खय मासो गावता रे?” त्याचं लहानपण खाडीवर गरवण्यात गेलेलं. गरीला कोळंबी लावायची, टाकायची, की काम झालं. पिसं वगैरे त्याला साहेबी थेरं वाटली.

माशी ओली, माशी कोरडी

फंडा सोपा आहे. ट्राउट हा मासा पाण्यातल्या किड्यांवर जगतो. पाण्यावर तरंगणाऱ्या किड्याची नक्कल म्हणजे ड्राय फ्लाय. पृष्ठभागाच्या खाली, बुडालेल्या किंवा वर येऊ पाहणाऱ्या किड्याची नक्कल म्हणजे वेट फ्लाय. ड्राय फ्लायला ताठ पिसं लागतात, वेट फ्लायला कोंबडीच्या मानेची मऊ पिसं, कारण पाण्यात ती श्वास घेतल्यासारखी हलली पाहिजेत.

हिवाळ्यात इथे चार वाजता अंधार पडतो. दर मंगळवारी ऑफिसनंतर मी एका क्लबच्या हॉलमध्ये बांधणी शिकायला जायचो. शिकवणारे सत्तरीचे. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझी काही जीभ वळेना. मनात मी त्यांना काकाच म्हणायचो. टेबलाला लावलेल्या छोट्या शेगड्यात (पकडीत) बारा नंबरचा गळ धरायचा. इथे नंबर वाढला की गळ लहान होतो, हे लक्षात ठेवा. मग दोरा, शेपटी, चकचकीत पत्रीचं अंग, त्यावर गुंडाळलेलं पीस आणि शेवटी पंख. दिवसभर क्लायंटच्या कॉलवर बोलून डोकं भणभणलेलं असायचं. इथे तासभर कुणी बोलायचंच नाही.

या माशांची नावंही भारी आहेत. ‘पीटर रॉस’ हे पर्थशरमधल्या किलिन गावच्या एका दुकानदाराचं नाव. ‘ग्रीनवेल्स ग्लोरी’ 1854 साली डरहॅमच्या एका पाद्रीबाबांसाठी ट्वीड नदीकाठच्या कारागिराने बांधली. ‘डियावल बाख’ म्हणजे वेल्श भाषेत छोटा सैतान.

सह्याद्रीचं पीस

फेब्रुवारीत ‘डंकेल्ड’ची पाळी आली. सोनेरी अंग, नारिंगी पीस आणि दोन्ही गालांवर एकेक ‘डोळा’. या डोळ्यासाठी काकांनी एक जुना पत्र्याचा डबा उघडला. आत एका पक्ष्याची मानेची वाळलेली कातडी. काळसर पिसं आणि प्रत्येक पिसावर मेणाचा थेंब पडावा तसा पिवळट-पांढरा ठिपका.

“जंगल कॉक,” ते म्हणाले. “तुमच्याच देशातला.”

मी बघतच राहिलो. हा तर आपला राखी रानकोंबडा! आजोळी, कोयनेच्या खोऱ्यात, पहाटे याचं तुटक आरवणं ऐकून आम्ही उठायचो. दिसायचा मात्र क्वचितच. या पक्ष्याच्या माना एकेकाळी भारतातून बोटी भरून ब्रिटनमध्ये यायच्या, फक्त या ठिपक्यांसाठी. आता 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्या शिकारीला बंदी आहे. ब्रिटनमध्ये हल्ली पाळलेल्या पक्ष्यांची पिसं मिळतात, नाहीतर प्लास्टिकची नक्कल. काकांकडची मान बंदीच्या आधीची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली.

त्यांनी प्रेमाने दोन पिसं माझ्यापुढे ठेवली. मी ती हातात घेतली, उजेडात धरली आणि परत डब्यात ठेवली. त्यांना म्हटलं, “या पक्ष्याचा आवाज मी ऐकलाय.” त्यांनी काही विचारलं नाही. डबा बंद करून प्लास्टिकचे डोळे काढून दिले आणि म्हणाले, “ठिपका माशापेक्षा माणसालाच जास्त आवडतो.”

मेन्टीथच्या पाण्यावर

मे महिन्यात आम्ही लेक ऑफ मेन्टीथला गेलो. स्कॉटलंडमध्ये तळ्याला ‘लॉख’ म्हणतात. याला मात्र ‘लेक’, आणि इथले लोक हे कौतुकाने सांगतात. मध्ये बेटावर इंचमाहोम मठाचे अवशेष आहेत. 1238मध्ये स्थापन झालेला हा मठ. 1547मध्ये इंग्रजांशी लढाई हरल्यावर चार वर्षांच्या मेरी राणीला काही आठवडे इथेच लपवलं होतं.

आणि मासेमारी? होडी वाऱ्याला आडवी करायची, मोटर बंद करायची आणि पाठीमागे पाण्यात एक छोटं पॅराशूट सोडायचं, म्हणजे वेग कमी होतो. मग वाऱ्याकडे पाठ करून समोर आखूड फेक. दोरीला तीन माश्या. सगळ्यात वरची झुबकेदार, तिला ‘बॉब’ म्हणतात. दोरी ओढत आणायची, शेवटी काठी उचलायची आणि बॉब पाण्याच्या कातडीवर नाचवत क्षणभर थांबायचं. बस, तो क्षण महत्त्वाचा! मागून आलेला मासा तेव्हाच ठरवतो. लख्ख ऊन आणि आरशासारखं पाणी इथे कुणाला नको असतं. हवेत ढग, वारा आणि लाटा. म्हणजे स्कॉटलंडची हवा, ज्याबद्दल आपण ऑफिसात रोज कुरकुरतो.

चार तास काहीच नाही. माझ्या डंकेल्डकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या तासाला, काळ्या-लाल ‘बिबिओ’वर, अगदी थांबलेल्या क्षणी पाणी फुगलं आणि काठी वाकली. दीडेक किलोचा रेनबो ट्राउट. चंदेरी अंगावर गुलाबी पट्टा.

प्रीस्ट

माझ्या तिकिटावर मासा घरी नेता येत होता. काकांनी एक छोटा लाकडी दांडका पुढे केला. त्याला इथे ‘प्रीस्ट’ म्हणतात, कारण तो शेवटचे संस्कार करतो. जन्मभर मी मासे खात आलो. बाजारातून आणले, कोळणीशी घासाघीस केली, तुकडे मोठे करून घेतले. मारला मात्र कधीच नव्हता. “सोडायचा असेल तर आत्ताच सोड,” काका म्हणाले, “विचार करत बसलास तर त्याचे हाल.”

मी दांडका घेतला. डोक्यावर दोन घाव. मग बराच वेळ मी दोरी टाकली नाही आणि काकांनीही आग्रह केला नाही.

त्या रात्री रूममेटने आईने पाठवलेली तिरफळं काढली आणि बांगड्याचं करतात तसं ट्राउटचं तिखलं केलं. पहिला घास घेऊन म्हणाला, “बांगड्याची सर नाय.” आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी ताटात काटा सोडून काही उरू दिलं नाही.

जायचं असेल तर

• एडिंबराहून गाडीने साधारण दीड तास. ग्लासगोहून आणखी जवळ. रेल्वेने स्टर्लिंगपर्यंत जाऊन पुढे गाडी करता येते.

• स्कॉटलंडमध्ये ट्राउटसाठी सरकारी परवाना लागत नाही, पण तळ्याच्या मालकाचं तिकीट हवंच. होडी आधी बुक करा.

• जंगली ब्राउन ट्राउटचा सीझन 15 मार्च ते 6 ऑक्टोबर.

• लाइफ जॅकेट, गॉगल आणि टोपी विसरू नका. मागून येणारा गळ डोळा बघत नाही.

• मासे नको असतील तर उन्हाळ्यात पोर्ट ऑफ मेन्टीथहून मठाच्या बेटावर होडी जाते.

• ट्राउटला थंड पाणी लागतं, त्यामुळे महाराष्ट्रात तो नाही. भारतातच धरायचा तर काश्मीर, हिमाचल, निलगिरी किंवा मुन्नार गाठा, आणि तिथल्या परवान्याची आधी चौकशी करा.