दर सांगायला शिकताना

आमच्या घरात कुणी कधी दर सांगितला नव्हता. वडील कंधार तालुक्यातल्या एका गावाचे सुतार. कुणाची तिफण भरून द्यायची, कुणाच्या वखराला दांडी बसवायची, गाडीच्या चाकाचे आरे बदलायचे, लग्नघरी चौरंग करून द्यायचा. मोबदला मिळायचा रास झाल्यावर, खळ्यावर, ज्वारीत. किती मिळणार ते पावसावर. शेतकरी औत घेऊन दारात आला की वडील हातातलं सोडून त्याचं करायचे, कारण वाफसा कुणासाठी थांबत नाही. त्यामुळे ‘किती घेणार’ आणि ‘कधी देणार’ हे दोन प्रश्न मी लहानपणी ऐकलेच नाहीत. पुढे ट्रॅक्टर आले, लोखंडी पेरणीयंत्रं आली आणि वाकसानं बाभूळ तासणारा माणूस गावात रिकामा बसायला लागला. दहावी झाल्यावर मी नांदेडला एका फर्निचरच्या कारखान्यात लागलो. रंधा, पटाशी, किकरं, करवत यातलं काहीच हाताला नवं नव्हतं. नवं होतं ते बाकी सगळं.

कारखान्यातले उस्ताद दखनी बोलायचे. नांदेड 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होतं, आणि तिथल्या कारागिरांच्या तोंडची बोली सरहद्द बदलली म्हणून बदलली नाही. सनमायका लावणारी टोळी राजस्थानची, पॉलिशवाला उत्तर प्रदेशचा, गिऱ्हाईक मराठी. सगळ्यांशी बोलायचं तर तोंड उघडणं भाग होतं, आणि मी मुखदुर्बळ. उस्तादांनी मला बरेच दिवस लाकडाला हात लावू दिला नाही. माझं काम एकच होतं, त्यांच्याबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि टेपचं दुसरं टोक धरायचं.

त्या टोकावर मी जेवढं शिकलो तेवढं नंतर कुठंच शिकलो नाही. कपाटाची जागा मोजायची तर रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: खाली, मध्ये आणि वर. तिन्ही मापं कधीच एक येत नाहीत. जे सगळ्यात कमी, ते खरं. मग दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे नसतील तर भिंत गुण्यात नाही. कोपरा तपासायला एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसऱ्या भिंतीवर 4 फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट. बांधकाम नवंकोरं असलं तरी हे करायचंच. नव्या घरात जास्तच, कारण तिथं मालकाचा भिंतीवर फार विश्वास असतो. मग स्विचबोर्ड कुठं आहे, दार किती उघडतं, पंख्याचं पातं कुठवर येतं, आणि तयार कपाट जिन्याच्या वळणावरून वर जाईल का. हे सगळं वहीत. माप लिहिलं की मोठ्यानं वाचून दाखवायचं, घरमालकासमोर. उस्ताद म्हणायचे, “बोल को लिख, लिख को फिर बोल. नै तो घर जाको रोता तू.”

वहीचं आणखी एक दुखणं होतं. जागा फूट-इंच-सुतात मोजली जाते, प्लायवूड आणि चॅनेल मात्र मिलिमीटरमध्ये मिळतं. एका इंचात 8 सूत, म्हणजे एक सूत जेमतेम सव्वातीन मिलिमीटर. एकाच पानावर दोन्ही भाषा लिहायच्या आणि गल्लत होऊ द्यायची नाही. लाकडाच्या डेपोवर तिसरी भाषा, घनफुटाची. किनवटच्या बाजूला सागाचं जंगल आहे, म्हणून सागवानाशी नांदेडचा संबंध जुना. डेपोवरचा मुनीम तोंडी हिशेब करतो आणि आपण मान हलवतो, हे उस्तादांना मान्य नव्हतं. निघायच्या आधी आकडा माझ्या खिशात असायला हवा. दाराच्या चौकटीला सात फुटी दोन उभ्या आणि साडेतीन फुटी एक आडवी, मिळून साडेसतरा फूट. जाडी-रुंदी 4 इंच बाय 3 इंच. फुटाला दोन्ही इंचांनी गुणायचं, 144 नं भागायचं: दीड घनफुटाला थोडं कमी. मुनिमाचा आकडा पावणेदोन आला तर भांडायचं नाही, फक्त “परत एकदा मांडू का, शेठ?” म्हणायचं. हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. अजून पडतं.

पण दर सांगणं मला जमत नव्हतं. गिऱ्हाइकानं “किती होतील?” विचारलं की माझी नजर जमिनीवर. ‘द्या तुम्हाला वाटेल ते’ हे वडिलांचं वाक्य ओठापर्यंत यायचं. खळ्यावर ते शोभायचं, कारण शेतकरी आणि सुतार पुढच्या वर्षीही एकमेकांच्या दारात असणार होते. शहरात गिऱ्हाईक आयुष्यात बहुधा एकदाच भेटतं. उस्तादांनी उपाय सांगितला तो साधा: तोंडानं सांगायचाच नाही, कागदावर सांगायचा. प्लाय किती, सनमायका किती, बिजागऱ्या, चॅनेल, मूठ, मजुरी, वाहतूक, बसवणी, सगळं वेगळ्या ओळीत. कापताना वाया जातं त्याची ओळसुद्धा. मग गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की आकडा खाली आणायचा नाही, काम खाली आणायचं. आतून सनमायका नको? मग इतके कमी. दोन खणांऐवजी एक? इतके कमी. गिऱ्हाईक स्वतःच ओळी वाचायला लागतं आणि बोलणं भावावरून कामावर येतं.

दर न घटवता फायदा वाढवायची दुसरी वाट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: कागदावर एक प्लाय आणि कपाटात दुसरं. साध्या, ओल न लागणाऱ्या जागेच्या प्लायवर आयएस 303 चा शिक्का असतो, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवर आयएस 710 चा. सनमायका चिकटल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. सिंकखालचं कपाट दोन-तीन पावसाळ्यांत फुगतं तेव्हाच फरक कळतो. मी नव्या पोराला सांगतो, शिट कापायच्या आधी गिऱ्हाइकाला शिक्का दाखव, फोटो काढून पाठव. त्यात साधुसंतपणा काही नाही. शिक्का दाखवलेला माणूस दरावर कमी भांडतो, हा माझा अनुभव.

पुढं मी लातूरला आलो. लोहा, अहमदपूर करत लातूर काही लांब नाही, पण बाजार निराळा. शिकवण्यांच्या लातूर पॅटर्ननं शहराला जे दिलं त्यात हजारो पोरांची राहायची सोय आली, आणि तिच्याबरोबर पलंग, कपाटं, अभ्यासाची टेबलं. दहावीचा निकाल लागला की हॉस्टेलवाले एकदम जागे होतात. सगळ्यांना सगळं पंधरा जूनच्या आत हवं. टेबल म्हणजे चार फूट बाय दोन फूट, उंची तीस इंच. आठ बाय चारच्या एका शिटमधून बरोब्बर चार फळ्या, असं कागदावर दिसतं. पण करवतीचं पातंही लाकूड खातं, प्रत्येक कापाला साधारण एक सूत. चार फळ्यांना तीन काप, म्हणजे फळी दोन फुटाला पाऊण सुताएवढी कमी भरणार. कडेला दोन मिलिमीटरची पट्टी लागली की ते भरून निघतं. हे आधी सांगितलं तर तो हिशेब असतो. मालकानं टेप लावल्यावर सांगितलं तर ती सबब होते. शब्द तेच.

एका हॉस्टेलमालकानं पहिल्याच वर्षी साठ टेबलं दहा दिवसांत मागितली. आमच्या धंद्याचं सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे ‘होऊन जाईल’. करवतीनं बोटं कापली जातात त्यापेक्षा या दोन शब्दांनी जास्त सुतार बुडाले असतील. मी म्हटलं, दहा दिवसांत चाळीस, उरलेली वीस पुढच्या आठवड्यात, आणि निम्मे पैसे आगाऊ. तो चिडला, दुसरीकडे गेला. दोन दिवसांनी फोन आला, “चाळीस तरी नक्की का?” नक्की हा शब्द तोंडातून काढताना घाम फुटला होता, पण चाळीस टेबलं गेली. पुढच्या वर्षी त्यानं मार्चमध्येच बोलावलं.

आपल्याकडचं हवामानही कामात भागीदार असतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवतं. त्या उन्हात लाकूडसुद्धा आकसून बसलं होतं. असल्या मे महिन्यात सागवानी दार चौकटीत अगदी घट्ट बसवलं तर मालक खूश होतो आणि ऑगस्टमध्ये तेच दार खांद्यानं ढकलावं लागतं. म्हणून फट ठेवायची, आणि ती का ठेवली ते दार बसवायच्या दिवशीच सांगायचं. बिलाखाली मी आता ते लिहूनच देतो.

आता माझ्याकडे पोरं शिकायला असतात. काही आयटीआयचा सुतारकामाचा एक वर्षाचा कोर्स करून येतात, आठवी पास झालं तरी तो करता येतो. काहींनी पीएम विश्वकर्मा योजनेतून प्रशिक्षण घेतलेलं असतं. 17 सप्टेंबर 2023 ला ती सुरू झाली, आणि तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15,000, पुढं पाच टक्क्यांनी पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज. चांगली गोष्ट आहे, माझ्या वडिलांना कुणी असं विचारलं नव्हतं. पण सुंदर सांधा करणारं पोरगं गिऱ्हाइकाचा फोन उचलत नाही, कारण काय बोलायचं ते ठाऊक नसतं.

म्हणून पहिला आठवडा टेपचं टोक, वही आणि फोन. उशीर होणार असेल तर तो व्हायच्या आधी कळवायचं. घरात शिरताना चप्पल बाहेर, निघताना भुसा झाडून. मशीनवर सैल शर्ट नाही आणि तोंडाला मास्क. मास्कवरून पोरं हसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 1995 सालीच लाकडाच्या भुशाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलंय हे सांगितलं तरी हसतात. मग मास्कशिवाय करवत सुरू होणार नाही, एवढंच सांगतो.

दर सांगायची तालीम शनिवारी संध्याकाळी. आधी गिऱ्हाईक मी व्हायचो, पण पोरं मला घाबरून लगेच भाव पाडायची. आता ते काम बायकोकडे आहे. गंजगोलाईत साडी घेताना ती जशी दुकानदाराला बसवते तशी पोरांना बसवते. “एवढ्याला तर नांदेडात दोन कपाटं येतात की!” म्हणाली, की नवं पोरगं माझ्याकडे बघतं आणि मी वहीत बघतो. परवा अहमदपूरकडच्या पोरानं पहिल्यांदा तिला उत्तर दिलं, “काकू, मग आतला आरसा काढू का?” तिनं आरसा ठेवला आणि आगाऊ रकमेवर घासाघीस सुरू केली. त्याची तयारी अजून झालेली नव्हती.