पंचकल्याणी

दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आले. नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घोडा घ्यायचा नव्हता हे सांगायला नकोच, आमच्या फ्लॅटमध्ये तुळशीची कुंडी ठेवायची मारामार! पण आजोबांच्या तोंडून लहानपणी या बाजाराबद्दल इतकं ऐकलं होतं, की एकदा तरी बघायचंच होतं.

तिथे एका व्यापाऱ्याने घोडी दाखवली. अंग तांबूस तपकिरी, आयाळ-शेपूट काळी, म्हणजे कुमैत. चारही पाय खाली पांढरे आणि कपाळापासून नाकापर्यंत पांढरा पट्टा. "ताई, पंचकल्याणी आहे. दारात बांधा, घरात काही कमी पडायचं नाही." मग त्याच्या पोराने लगाम धरून तिला चालवून दाखवली. शेजारी उभं असलेलं खरं गिऱ्हाईक आधी पाय बघत होतं, मग तोंड, मग अंगावरचे भोवरे. आणि मला एकदम आत्या आठवली. का ते सांगते, पण आधी घोड्यांचं.

आजोबांचा धुळ्याला टांगा होता. त्यामुळे घोड्यांच्या रंगांचे शब्द आमच्या घरात वरणभातासारखे. काळा तो मुश्की, कस्तुरीच्या रंगावरून. पांढरा, गुलाबी कातडीचा तो नुकरा, म्हणजे फारसीतली चांदी. ठिपक्याठिपक्यांचा, काळापांढरा तो अबलख. चार पाय आणि तोंड पांढरं तो पंचकल्याणी, आणि त्यात छाती, आयाळ, शेपूटही पांढरी असेल तर अष्टमंगल. भोवऱ्यांचं शास्त्र वेगळंच. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा अशुभ. राजस्थानात मारवाडी घोड्याला डोळ्याखाली भोवरा असेल तर तो आसवं गाळायला लावतो असं मानतात आणि गिऱ्हाईक पाठ फिरवतं. अस्सल काळा मारवाडीही तिथे मृत्यूचा रंग म्हणून नको असायचा.

आजोबांची एक घोडी पंचकल्याणी होती. चंद्री. तिच्या पायांना ते स्वतः घासून धूत. पाय पिवळे पडलेले त्यांना खपत नसत. गावात तिच्यामुळे आपला टांगा ओळखतात याचा कोण अभिमान! एकच तक्रार होती. पांढऱ्या पायाचा खूरही फिकट असतो, आणि आजोबांचं मत, "काळा खूर लोखंड, पांढरा खूर मेण." नालबंदही त्यांच्या बाजूने. त्यामुळे तिची नाल दोन दिवस आधीच बदलायची.

आता हे मत फक्त धुळ्याचं नाही. इंग्रजांतही जुना समज आहे की घोड्याचे जितके पाय पांढरे तितकी त्याची किंमत कमी, आणि चारही पांढरे असतील तर नावच काढू नका. म्हणजे बघा, आपल्याकडे ज्याला पाच कल्याणं म्हणून जास्त पैसे मोजायचे, तोच घोडा तिकडे ओवाळून टाकायचा. बरं, तिकडे म्हणजे तरी कुठे? स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल या ओझं ओढणाऱ्या दांडग्या घोड्यांना चार पांढरे पाय आणि त्यावरचे झुपकेदार केस हीच शोभा. आणि समुद्रापलीकडे नेदरलंड्समधला फ्रीजियन काळाच हवा. कपाळावर छोटासा चांद चालतो, पण पायावर पांढरं दिसलं तर वंशावळीच्या वहीत त्याला मान नाही. घोडा तोच, वही वेगळी.

खुराचं खरं काय, हे नंतर वाचलं. खूर वरून, केसांच्या कडेपासून, खाली वाढतो. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढचा भाग वरपासून जमिनीपर्यंत नवा यायला वर्षभराच्या आसपास लागतं. कडेच्या कातडीत रंग असेल तर खूर काळा, नसेल तर मेणासारखा. पांढऱ्या पायावर कडेला एखादा काळा ठिपका असेल, तर बरोबर त्याच्याखाली खुरावर काळी रेघ उतरते. आणि मजबुतीचं म्हणाल तर तपासून पाहणाऱ्यांना दोन रंगांत काही फरक सापडलेला नाही. आजोबांच्या नाला उगाचच बदलल्या गेल्या!

अमेरिकेतल्या अपालूसा घोड्यांचं तर पाय पांढरा नसतानाही खुरावर उभे पट्टे असतात. तीच त्यांची ओळख. अंगावर ठिपके, ओठ-नाकाची कातडी चितकबरी, आणि डोळ्यातलं पांढरं माणसासारखं दिसणारं. नेझ पर्स या तिथल्या मूळ लोकांनी हे घोडे जोपासले. १८७७ च्या लढाईत ते हरले, घोडे काढून घेतले गेले, विकले गेले, वाण पांगलं. १९३८ मध्ये काही हौशी लोकांनी संस्था काढून ते पुन्हा गोळा करायला घेतलं. या ठिपक्यांच्या जनुकाची एक गंमत, खरं तर गंमत नव्हेच. आई आणि बाप दोघांकडून ते आलं तर शिंगराला जन्मापासून रात्री दिसत नाही. म्हणजे सगळीच खूण नुसती वरवरची नसते, हेही खरं.

पण पांढरे पाय? ते कसे होतात ते वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसले. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघतात आणि अंगभर पसरत जातात. कपाळ, नाक आणि पायाची टोकं ही सगळ्यात लांबची ठिकाणं. तिथे त्या पोचल्या नाहीत, की तेवढा भाग पांढरा. आईबापांकडून आलेल्या जनुकांचा त्यात हात असतो, पण नुसता त्यांचा नाही. एकाच घोड्याचे क्लोन केले तरी त्यांच्या पांढऱ्या खुणा तंतोतंत जुळत नाहीत. कल्याण नाही, अकल्याण नाही. काही पेशींना वाटेत उशीर झाला, एवढंच.

आता आत्याचं. तिला विचारूनच लिहितेय, तरी घरच्यांपैकी एकदोघांना हे आवडणार नाही याची कल्पना आहे.

आत्याला सोळाव्या वर्षी पायावर पांढरे डाग आले. आधी घोट्यापाशी, मग बोटांवर, मग हातांवर. कोड. आजीला सगळ्यांनी विचारून घेतलं की गरोदरपणी मासे आणि दूध एकत्र खाल्लं होतंस का. मुलगी बघायला लोक आले की लांब बाह्यांचं पोलकं आणि पायात मोजे. धुळ्यात, मे महिन्यात! दुसऱ्या स्थळाच्या वेळी मुलाच्या मावशीने "जरा चालून दाखव" म्हटलं आणि मग मोजे काढायला लावले. ती मंडळी पोहे अर्धवट टाकून उठली. बाहेर अंगणात त्या वेळी चंद्री उभी होती. जाताना त्यांतल्याच एकाने तिच्याकडे बघून आजोबांना म्हटलं, "वा, पंचकल्याणी!"

आजोबा काय म्हणाले ते कुणाला आठवत नाही. आत्याने नंतर लग्नाचा विषय बंद केला, डीएड केलं आणि तेहेतीस वर्षं शाळेत शिकवलं. आजोबा वाईट नव्हते. तिच्या फीसाठी त्यांनी रात्रीच्या गाडीच्या सवाऱ्याही केल्या. पण मोजे त्यांनीच आणले होते.

आत्याचे डाग आणि चंद्रीचे पाय या शास्त्राच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी. चंद्रीच्या पायात रंगाच्या पेशी पोचल्याच नव्हत्या, आत्याच्या पायात होत्या, पण शरीराच्याच संरक्षक यंत्रणेने त्यांच्यावर हल्ला केला. संसर्ग नाही, मासे नाहीत, दूध नाही. मात्र घोड्यांतही याचा नातेवाईक आहे. व्हिएन्नाच्या प्रसिद्ध घोडेस्वारी शाळेतले पांढरेशुभ्र लिपिझानर घोडे जन्मतात काळपट, आणि वर्षागणिक पांढरे होत जातात. २००८ मध्ये याचं जनुकीय कारण सापडलं. वयाबरोबर यांच्या डोळ्यांभोवती, नाकपुड्यांपाशी, शेपटीखाली काळी कातडी जाऊन गुलाबी डाग पडतात, आणि संशोधक त्याला कोडासारखंच म्हणतात. पंधरा वर्षांपुढच्या अशा घोड्यांत बहुतेकांना कातडीच्या गाठीही होतात. तरी लोक तिकीट काढून त्यांना बघायला जातात. आणि गंमत म्हणजे एखादा घोडा पांढरा न होता गडदच राहिला, तर त्याला शुभ म्हणून शाळेत मुद्दाम ठेवतात!

सारंगखेड्याहून आल्यावर आत्याला फोटो दाखवले. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. मोबाईल डोळ्यांजवळ धरून तिने फोटो मोठा केला आणि आधी पायच बघितले.

"मागच्या डाव्या खुराला काळी रेघ आहे बघ. आपल्या घोडीलाही होती. तिथेच."

मी तिला कडेच्या ठिपक्याचं सांगितलं. तिने लक्ष देऊन ऐकलं, शिक्षिका ऐकतात तसं, आणि हसत म्हणाली, "बरं झालं, तिला बाबांनी मोजे नाही घातले."

हसू का नको ते मला कळेना. ती मात्र मनापासून हसत होती. पायात साध्या चपला, डाग आता जवळजवळ गुडघ्यापर्यंत.

हे सगळं लिहू का, विचारलं. "लिही की. लपवून कुणाचं काय भलं झालं? फक्त घोडीचं नाव बरोबर लिही. तुम्ही सगळे चुकीचं सांगता."

तर मंडळी, वर मी चुकले. घोडीचं नाव चंद्री नव्हतं. चंद्रा होतं.