कान मुक्काम

घराच्या वीजमीटरवर आजतागायत चालत आलेले आजोबांचे नाव कमी करून त्या जागी माझे नाव चढवावे, अशा मजकुराचा अर्ज घेऊन गेल्या चैत्रात एका दुपारी मी पोलोग्राउंडावरील वीज कंपनीच्या कचेरीत बाकावर बसलो होतो. आणि मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, घरपट्टीची पावती अशा करड्या कागदांच्या गठ्ठ्यात, भाच्याने फ्रान्सहून धाडलेले एक गुळगुळीत, निळेहिरवे पत्रक कसे कोण जाणे येऊन बसले होते. भाचा तिकडे नोकरीस आहे, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर तो गोल्फच्या नादी लागला आहे. भूमध्य समुद्राच्या काठी कान नावाचे जे शहर आहे, तेथे उन्हाळ्यात हौशी खेळाडूंचे सामने भरतात. सकाळी खेळ, दुपारी विश्रांती, उन्हे उतरल्यावर नगरदर्शन, आणि एक दिवस नावेतून समोरच्या बेटांची सफर, असा तो कार्यक्रम होता. समासात भाच्याने लिहिले होते, 'मामा, या वर्षी तुम्ही याच.'

बाहेर कारखान्यांच्या भिंतीमागे पत्रा कापण्याचा आवाज चालला होता, आत नावे पुकारली जात होती, आणि मी निर्हेतुकपणे ते पत्रक वाचीत असता एका वाक्यापाशी थबकलो. तेथील जुन्या क्रीडांगणाच्या मधून सियान्य नावाची नदी वाहते आणि खेळाडूंना खेळाच्या ओघात तिच्या पलीकडे तरीतून जावे लागते. अर्धा खेळ अल्याड, अर्धा पल्याड. सामन्याच्या मधेच हातातला खेळ थांबवून, साऱ्या काठ्यांसह तराफ्यावर निमूट उभे राहणारे ते प्रतिस्पर्धी, आणि त्यांना पैलतीरी नेणारा तो तरवाला, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून त्या दिवशी हलले नाही, आणि अजूनही हललेले नाही.

पोलोग्राउंड हा शब्द आम्ही इंदूरकर इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यात एक खेळ दडलेला आहे याचे भान कोणालाच उरलेले नाही. रिक्षावाल्यास तो पत्ता आहे, कारखानदारास ती औद्योगिक वसाहत आहे, माझ्यासारख्यास तो विजेच्या देयकावर छापलेला एक शब्द आहे. परंतु पोलोचे मैदान म्हणजे ३०० यार्ड लांब अशी मोकळी, सपाट, निगुतीने राखलेली भूमी. सात मिनिटांची एक फेरी, आणि त्या फेरीला आपल्याच 'चक्कर' या शब्दावरून पडलेले नाव, जे मणिपूरकडून घेतलेल्या या खेळाबरोबर इंग्रजांनी साऱ्या जगभर नेले. घोडे गेले, हिरवळ गेली, आणि त्या जागी लेथ, वेल्डिंग, रोहित्रे आणि फायलींची कपाटे आली. शहराला पोटापाण्याचे उद्योग हवेत हे मला मान्य आहे. तथापि ज्या नगरात काहीच न उगवणारी, काहीच न पिकवणारी, केवळ धावण्यासाठी म्हणून राखलेली एक विस्तीर्ण जागा असते, ते नगर मला अधिक श्रीमंत वाटते.

पण मला सांगायचे होते ते गोल्फविषयी. आमच्या घरात हा शब्द खेळाचे नाव म्हणून कधी आलाच नाही. माझे आजोबा, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, होळकर सरकारच्या कचेरीत कारकून होते; मोडी वळणदार, इंग्रजी बेताचे, टाक स्वतः तासायचे, आणि दौलतीविषयी एक अबोल, जवळजवळ धार्मिक निष्ठा. उन्हाळ्याच्या रात्री, दिवसभर भाजून निघालेले मालव्याचे पठार हळूहळू निवत असता आणि ज्या शब-ए-मालव्याची कीर्ती उत्तरेकडील लोक गातात ती गार झुळूक गच्चीवर येऊ लागली असता, अण्णा आम्हां नातवंडांना गोष्टी सांगत. त्यांत अहिल्याबाई असत, मल्हारराव असत, पानिपत असे. आणि फार क्वचित, आजी खाली गेली आहे याची खात्री करून, हलक्या आवाजात सांगितलेले एक 'मुंबईचे प्रकरण' असे. ते सांगताना अण्णा आपली चालण्याची काठी उलटी धरीत, मुठीचे वाकडे टोक खाली करीत, आणि म्हणत, 'ही अशी. हिला गोल्फ म्हणतात.' म्हणून कित्येक वर्षे माझी अशी दृढ समजूत होती की गोल्फ हे एका हत्याराचे नाव आहे. भाला, बरची, गुर्ज, गोल्फ.

ते प्रकरण पुढे मी ग्रंथांतून आणि जुन्या वृत्तपत्रांतून वाचले. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्यासोबत मुमताज होती, इंदूर दरबारच्या आश्रयाला असलेली नर्तकी, जिने तो आश्रय झुगारून बाहेरचे मोकळे आयुष्य पत्करले होते. हल्लेखोरांनी तिच्या चेहऱ्यावर सुरीने वार केले. तिला ओढून नेण्याचा त्यांचा बेत होता. आणि नेमक्या त्या क्षणी, विलिंग्डन क्लबात गोल्फ खेळून काही इंग्रज लष्करी अधिकारी मोटारीने त्याच रस्त्याने परतत होते. त्यांतील लेफ्टनंट सेगर्ट हातात होती ती गोल्फची काठी घेऊन, पिस्तुले रोखलेल्या माणसांवर धावून गेला. त्याला गोळ्या लागल्या, तरी तो मागे हटला नाही. बावला वाचला नाही, मुमताज वाचली, आणि हल्लेखोरांपैकी काही जण जागीच पकडले गेले.

ते पकडले गेले नसते, तर! अण्णा या 'तर'पाशी नेहमी थांबत. पकडलेल्यांचा माग इंदुरापर्यंत पोहोचला. मुंबई हायकोर्टात खटला उभा राहिला, त्यात आरोपींच्या वतीने उभे राहिलेल्या वकिलांत बॅरिस्टर जिनाही होते. फाशीच्या शिक्षा झाल्या. आणि अखेर हिंदुस्थान सरकारने इंदूरच्या तुकोजीराव महाराजांपुढे चौकशी आयोग किंवा राज्यत्याग असे दोनच मार्ग ठेवले. महाराजांनी दुसरा पत्करला. १९२६ च्या फेब्रुवारीत गादी रिकामी झाली आणि त्यांचे सतरा वर्षांचे पुत्र यशवंतराव तीवर बसले. कचेरीत त्या दिवशी कोणी कोणाशी बोलले नाही, असे अण्णा सांगत. सरनाम्यातले एक नाव बदलून दुसरे लिहिताना त्यांच्या हातून शाईचा थेंब सांडला, आणि तो कागद त्यांनी फाडून टाकला.

मोठेपणी या कथेकडे पाहताना माझी सहानुभूती अण्णांच्या सहानुभूतीहून निराळी झाली आहे. त्यांना दौलतीचे दुःख होते. मला त्या रक्तबंबाळ मुलीचे आहे, जिने न्यायालयात उभे राहून आपली हकीकत सांगितली, आणि जिच्या धैर्याविषयी आमच्या घरात एकदाही एक शब्द निघाला नाही. पण अण्णांनी उलट्या काठीने दाखविलेला तो आकार माझ्या मनातून गेला नाही. हवेवर, हिरवळीवर, एका निरुपद्रवी पांढऱ्या चेंडूसाठी घडविलेली ती वस्तू; ती त्या संध्याकाळी कोणाच्या हाती नसती, तर एका राज्याची वंशावळ कदाचित निराळ्या वेगाने पुढे सरकली असती.

आणि म्हणूनच पत्रकावरील 'कान' या दोन अक्षरांनी मला आणखी खोल नेले. यशवंतरावांचे शिक्षण विलायतेत, ऑक्सफर्डपर्यंत झाले. त्यांच्या पत्नी संयोगिताराणी कागलकर घाटग्यांच्या घराण्यातल्या. एकार्ट म्युथेशियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग बांधवून घेणारे, शिल्पकार ब्रांकुशीचे पक्षी विकत घेणारे हे जोडपे युरोपात फिरत असता मॅन रे या छायाचित्रकाराने त्यांची जी छायाचित्रे काढली, त्यांतील काही या कान नगरीतली आहेत. बुते द मोंव्हेलने रंगविलेल्या चित्रांत यशवंतराव सडपातळ, आत्ममग्न, किंचित परके दिसतात. मॅन रेच्या छायाचित्रांत मात्र ते एकमेकांना बिलगलेले, खिदळणारे, राज्यकारभाराचा वाराही न लागलेले दोन तरुण जीव आहेत. मला ही छायाचित्रे तैलचित्रांहून प्रिय आहेत. १९३७ मध्ये स्वित्झर्लंडात संयोगिताराणी वारल्या. वय अवघे बावीस-तेवीस. त्यांना त्या हसऱ्या क्षणी पाहताना मला हे ठाऊक असते, आणि त्यांना नसते.

'महाराज कानला आहेत,' हे वाक्य अण्णांच्या तोंडून मी प्रथम ऐकले, तेव्हा मला ते अगदी स्वाभाविक वाटले होते. आमच्या शहरातून वाहणारी नदी ती कान्ह. लोक तिला खान म्हणत, पण आजी कान्हच म्हणे. तेव्हा महाराज कानला आहेत म्हणजे नदीवर गेले आहेत, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पायरीवर बसले आहेत, संध्याकाळी परत येतील, असेच मी धरून चाललो. ते परत यायला आगबोटीने आठवडे लागतात हे कळल्यावर मी रडलो होतो म्हणे.

कान नगरीचाही इतिहास काही कमी विलक्षण नाही. १८३४ मध्ये लॉर्ड ब्रूम हा ब्रिटिश मुत्सद्दी इटलीकडे निघाला असता पटकीच्या साथीमुळे सरहद्द बंद झाली, म्हणून त्याला या कोळीवाड्यात मुक्काम करावा लागला. तो त्या किनाऱ्याच्या इतका प्रेमात पडला की तेथेच त्याने घर बांधले, आणि त्याच्यामागून सारे विलायती उमरावमंडळ लोटले. परंतु ते सारे हिवाळ्यात यायचे. उन्हाळा म्हणजे बंद हॉटेले, उतरलेले पडदे, ओस रस्ते. १९२२ पासून निळ्या डब्यांची आगगाडी कॅलेहून थेट या किनाऱ्यावर येऊ लागली, आणि १९२३ मध्ये जेराल्ड व सेरा मर्फी या अमेरिकन दांपत्याने जवळच्या आंतीबच्या भूशिरावरील हॉटेल उन्हाळ्यातही उघडे ठेवण्यास मालकाला राजी केले. तेथून हळूहळू उन्हाळा हाच त्या किनाऱ्याचा ऋतू झाला. ज्या उन्हापासून आम्ही मालव्यात वाळ्याचे पडदे लावून पाठ फिरवतो, त्याच उन्हाला तिकडे एका पिढीने आमंत्रण धाडले.

ते नदीने दुभंगलेले क्रीडांगण मात्र याहून जुने, १८९१ चे. रशियाचा ग्रँड ड्यूक मिखाइल मिखाइलोविच, पहिल्या निकोलस झारचा नातू, याने राजघराण्याच्या परवानगीवाचून, मनाला आवडलेल्या स्त्रीशी विवाह केला. त्याची लष्करी पदे काढून घेण्यात आली, स्वदेशाचे दार बंद झाले, आणि त्याच वर्षी या हद्दपार राजपुत्राने छत्रीसारख्या पसरणाऱ्या पाइन वृक्षांच्या सावलीत हे मैदान वसवले. अण्णांना मी हे सांगू शकलो असतो, तर ते क्षणभर गप्प राहून तुकोजीरावांचे नाव घेते. गादी सोडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ मध्ये, नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह करणारे तुकोजीराव, आणि हिंदू होऊन, शर्मिष्ठादेवी होऊन इंदूरच्याच झालेल्या त्या बाई.

भाच्याच्या पत्रकातील नगरदर्शन मला फारसे मोहवीत नाही. समुद्राकाठची ती लांबलचक क्रुआझेत, कार्लटन हॉटेलचे घुमट, चित्रपट महोत्सवाचा प्रासाद, हे दुसऱ्यांनी पुष्कळदा पाहून झिजवलेले आहे. मला जावेसे वाटते ते सेंत-ओनोरा बेटावर, जेथे पाचव्या शतकाच्या आरंभी वसलेला साधूंचा मठ आहे, आणि जेथे नावेतूनच पोहोचता येते. अशा पाण्याने वेढलेल्या देवस्थानाची ओढ मला महेश्वरने लावली. नर्मदेच्या ऐन प्रवाहात उभे असलेले बाणेश्वराचे ते इवले देऊळ. अहिल्याबाईंच्या घाटाच्या पायऱ्या उतरून अण्णा मला नावेत बसवीत, नावाडी वल्ही मारी, आणि मधोमध आलो की अण्णा कमरेचा कसा सोडून एक नाणे काढीत आणि माझ्या हाती देऊन ते पाण्यात सोडायला सांगत. काय मागायचे, असे मी विचारले, तर म्हणत, 'मागायचे काही नाही. नदी ओलांडू देते आहे, तिचे देणे.'

कचेरीत माझे नाव पुकारले गेले. मी उठलो, कागद दाखवले, सह्या केल्या, आणि अण्णांचे नाव वहीतून कमी झाले.

घरी येऊन भाच्याला कळवले की माझे येणे होणार नाही, गुडघे आता विमानप्रवासाचे राहिलेले नाहीत. पण तू ती नदी ओलांडशील तेव्हा मध्यावर आल्यावर माझ्या नावाने एक नाणे पाण्यात सोड. त्याने उलट विचारले, 'मामा, कोणते नाणे? तिकडचे की आपले?' तेव्हा मी अण्णांच्या लाकडी पेटीतून १९३५ चा होळकरशाही पाव आणा शोधून काढला. तांब्याचा आहे; एका अंगाला पगडी घातलेले यशवंतराव आहेत, आणि घासून घासून त्यांचे नाक गुळगुळीत झाले आहे. दिवाळीत कोणी तिकडे जाणारे भेटले तर त्यांच्याबरोबर तो धाडावा, असा विचार आहे. तोवर ते नाणे त्या पत्रकावरच ठेवले आहे. पंखा लावला की कागद उडतो.