खाडाखोड आणि मॅक्रो

जुन्या वहीतील खाडाखोडीत एक प्रामाणिकपणा असे. अक्षरावर आडवी रेघ मारून वर नवे लिहिले, तरी खालचे वाचता येई. संगणकाच्या तक्त्यातील घर मात्र नवा मजकूर स्वीकारताना जुन्याची खूणही ठेवीत नाही.

केलगेरीच्या आमच्या घरातील मराठी-कन्नड पुस्तकांची यादी मी निवृत्तीनंतर एक्सेलमध्ये उतरविली. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात बेळगाव, हुबळी, विजापूर ही नावे पुनःपुन्हा आली. १ नोव्हेंबर २०१४ पासून ती अधिकृतरीत्या बेळगावी, हुब्बळ्ळी, विजयपुर अशी झाली आहेत. भाचा म्हणाला, "मामा, पाच-सहा ओळींचा मॅक्रो लिहा, सगळी नावे क्षणात बदलतील."

मॅक्रो म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामाची रीत : रकान्यातील प्रत्येक घरी जा, शब्द पाहा, जुळला तर बदल, खाली उतर. मॅक्रो लिहावयाच्या खिडकीत देवनागरी नीट उमटत नाही. म्हणून जुनी-नवी नावे तक्त्यातच लिहून ती तेथून वाचावयास सांगितली. शब्दाचा तुकडा जुळला तरी बदल, अशी आज्ञा दिल्यास 'बेळगावकर' हे आडनाव 'बेळगावीकर' होते. संपूर्ण घर जुळले तरच बदल, असे बजावले की ते टळते. शिवाय मॅक्रोने केलेला बदल नेहमीच्या 'कंट्रोल-झेड'ने मागे घेता येत नाही.

तथापि माझी खरी अडचण तंत्राची नव्हती. पुस्तकावर 'बेळगाव' छापले असेल, तर ती त्या काळाची साक्ष आहे. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. कन्नड कविता त्यांनी 'अंबिकातनयदत्त' या नावाने लिहिली. लेखकाच्या रकान्यात ते नाव पुसून 'बेंद्रे' घातले, तर माहिती चूक ठरणार नाही. पण कवीने स्वतः निवडलेले नाव जाईल.

म्हणून मॅक्रोला मूळ रकाना केवळ वाचू दिला आणि लिहावयास शेजारचा रिकामा रकाना दिला. आज्ञेत फरक पडला तो एवढाच, की मजकूर त्याच घरात न ठेवता एक घर उजवीकडे ठेवावा. आता कोणी बेळगावी शोधो वा बेळगाव, पुस्तक सापडते.

एकाच गावाला दोन नावांनी हाक मारण्याची सवय आमच्या भागात पिढ्यान् पिढ्यांची आहे. तक्त्यालाही ती एका रकान्याच्या खर्चात लावता येते.