सिंह सरळ, आकडा तिरपा

खिशातलं नाणं काढा. आत्ताच काढा! वरची नि खालची कड चिमटीत धरा, सिंह सरळ ठेवा आणि नाणं बाजूला गर्रकन फिरवा. मागचा आकडाही सरळच दिसायला हवा. वाशिमच्या बाजारात सुट्ट्या पैशांत आलेल्या माझ्या रुपयाचा आकडा मात्र चांगलाच कललेला! टाकसाळीत दोन ठशांमध्ये कोरी चकती येते, एका दाबात दोन्ही बाजू उमटतात. त्यातला एक ठसा जागच्या जागी फिरला की असं नाणं बाहेर पडतं. हे कळलं आणि माझी झोपच उडाली. आता दिसेल त्या दुकानदाराला म्हणतो, "भाऊ, चिल्लर दाखवा ना!"

सगळ्यात वेड लावलं ते ब्रॉकेज नावाच्या दोषानं. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून बसतं, खाली पुढची चकती येते आणि त्या नाण्याचीच छाप तिच्यावर उलटी बसते. एका संग्राहकांनी भिंगाखाली दाखवलं: एका बाजूला सिंह उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच सिंह आत खचलेले, अक्षरं आरशातल्यासारखी! तिरप्या उजेडात खळग्याची कड अशी काही चमकली, की नजर हटेना.

आणि जुन्या नाण्यांचं म्हणाल, तर आपला वाशिम जिल्हा! मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, १९३९ साली सातवाहनांच्या पोटीन या मिश्रधातूच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. एकीकडे सोंड उंचावलेला हत्ती नि त्याच्याभोवती ब्राह्मीत राजाचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. पण नाव पूर्ण उमटलेलं नाणं दुर्मीळच. कुठे पहिली अक्षरं चकतीबाहेर, कुठे शेवटची. एकावर तुटलेलं अक्षर दुसऱ्यावर शोधायचं, असं ते वाचन. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हा साठा अभ्यासून प्रसिद्ध केला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी ही राजांची नवी नावं पुढे आली. आमच्या तऱ्हाळ्यातून!

एक मात्र ध्यानात ठेवा. झिजलेलं, ठोकलेलं, रुळाखाली चेपलेलं नाणं म्हणजे टाकसाळीची चूक नव्हे. 'लाखो रुपये मिळवा'वाल्या जाहिरातींना तर अजिबात भुलू नका. आणि शेतात नांगराला जुनी नाणी लागलीच, तर ती चिंचेनं किंवा पितांबरीनं घासू नका, वाटून घेऊ नका. होती तशी ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.